शिक्षक, एक

ग्रंथालयातले पुस्तक नाहीसे व्हायला चोरच लागतो असे नाही. यादीतली एक चुकलेली नोंदही पुरते. केशवसुतांना ‘केशवसुत’ म्हणून नोंदवायचे की ‘दामले’ म्हणून, हा सूचीकाराचा नेहमीचा पेच. एका वाचनालयात ‘माणदेशी माणसं’ मला भूगोलाच्या कपाटात भेटले, तेव्हा मी पोटभर हसलो होतो. पुढे तीच पाळी आमच्या घरावर आली.

माझे आजोबा प्राथमिक शिक्षक. १९५४ साली त्यांनी आपल्या तालुक्याची माहिती देणारी ३२ पानांची पुस्तिका पदरमोड करून छापली. घरातली एकमेव प्रत सांगलीला आत्याकडे होती. मी ती कधी उघडून पाहिली नव्हती. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा घरात शिरली. त्या पुरात नगर वाचनालयाची हजारो पुस्तके भिजून गेली, तिथे आमच्या ३२ पानांचा काय पाड! आत्या भांड्याकुंड्यांसाठी रडली नाही. ‘दादांचं पुस्तक गेलं रे,’ एवढेच म्हणाली.

मी शोधाला लागलो. शंकर गणेश दाते यांची ‘मराठी ग्रंथसूची’ म्हणजे आम्हा मराठीच्या मास्तरांचे शेवटचे कोर्ट. पण तिचा पहिला खंड १९३७ पाशी थांबतो, दुसरा १९५० पाशी. आजोबा चार वर्षे उशिरा पोहोचले! साताऱ्याच्या एका जुन्या ग्रंथालयात संगणकावर त्यांचे आडनाव घातले : काही नाही. ‘सांगली जिल्हा’ घातले : सगळी १९६० नंतरची पुस्तके.

त्या आकड्यानेच डोक्यात प्रकाश पडला. १९४९ पासून १९६० पर्यंत सांगली जिल्ह्याचे नाव ‘दक्षिण सातारा’ होते! जुन्या कार्डांच्या खणात त्या नावाखाली एक पिवळे कार्ड निघाले. लेखक : ‘शिक्षक, एक’. आजोबांनी विनयाने ‘एक शिक्षक’ एवढेच छापले होते, आणि नोंद करणाऱ्याने नियमाप्रमाणे आडनाव आधी घेतले होते!

पुस्तक जागेवर होते. इतक्या वर्षांत कुणी मागितलेच नव्हते.

‘सर, आजोबांचं नाव घालू का?’ ग्रंथपालांनी विचारले. मी घुटमळलो. त्यांनी स्वतः झाकलेले मी कोण उघडणार? म्हटले, ‘नको. फक्त सांगलीखाली एक ओळ घाला : पाहा, दक्षिण सातारा.’

झेरॉक्स घेऊन सांगलीला गेलो. आत्याला कार्डाची गंमत सांगितली. ती पाने कुरवाळीत म्हणाली, ‘चुकलं कुठं? शिक्षक हेच दादांचं आडनाव होतं.’