स्वमताची कोरी जागा

या वसतिगृहात असताना आम्ही उताऱ्याआधी प्रश्न वाचत असू. प्रश्नातील शब्द उताऱ्यात शोधून ते वाक्य उतरवले की गुण मिळत. उतारा मात्र न वाचलेलाच राही. पुढे प्रश्नपत्रिकेची कृतिपत्रिका झाली. चौकटी-आकृतिबंधांपाठोपाठ 'स्वमत' आले. येथील अभ्यासिकेत मुलांना शिकवताना आम्ही पाहिले, चौकटी भरलेल्या, स्वमताची जागा कोरी. "सर, इथं काय लिहायचं असतं?" एकाने विचारले. आम्ही निरुत्तर झालो. आमच्या आईवडिलांना त्यांचे मत कोणी विचारले नव्हते, आम्हांलाही नाही. म्हणूनच ती जागा मोलाची. तेथे गाईडमधील उत्तर नको; मुलाचे स्वतःचे, अडखळते का होईना, एक वाक्य हवे.