पाचपेडी

मंगळवार, १० जून २०२५

वटपौर्णिमा. सकाळी मावशीबरोबर उज्जैनच्या भैरवगढला, सिद्धवटाला. इथल्या बायकांची वटसावित्री पंधरा दिवसांपूर्वीच अमावस्येला उरकली, त्यामुळे वडाला सूत गुंडाळायला आम्ही चार मराठी बायकाच. बाकी सगळी गर्दी पिंडदानाची. मावशीचं सूत दोनदा तुटलं. दोन्ही वेळा तिने गाठ मारली आणि पुढे चालू लागली.

मी लिहितेय त्या गोष्टीतली सरू भैरवगढच्या बाटिक कारखान्यात कामाला आहे. तिच्याबद्दल काल लिहिलेलं वाक्य: ‘तिच्या पाठीवर काळाभोर, लांबसडक शेपटा रुळत होता.’ मराठी कथेत हा शेपटा किती वर्षं रुळतोय कोण जाणे. त्याच्यापुढे अजून दीड पान आहे, नागिणीसकट.

गुरुवार, १२ जून

आज कारखान्यात तीन तास बसले. एकीचाही शेपटा पाठीवर रुळत नव्हता. रुळेल कसा? कापडावर वाकलं की वेणी खांद्यावरून पुढे येते, आणि पुढ्यात पातळ केलेलं मेण. कुणी वेणी ब्लाउजच्या पाठीत खोचलेली, कुणी कमरेला, एकीने तर चक्क गाठ मारलेली.

कलमाने मेण सोडायचं, मग कापड थंड रंगात बुडवायचं; गरम रंगात मेणच वितळेल. जिथे मेण, तिथे रंग धरत नाही. मेणाला तडे जातात, त्यांतून रंग झिरपतो आणि बाटिकच्या त्या बारीक शिरा उमटतात. शेवटी उकळत्या पाण्यात मेण सुटतं. हे कापडाचं. केसांचं काय? विशीतली एक मुलगी वेणीचं टोक पुढे घेऊन बसली होती. टोकावर निळसर मेणाचा खडा. ती तो नखाने फोडत होती, केस न तोडता, हरभरा सोलावा तशी. मी बघतेय म्हटल्यावर हसली, “रोज का है, दीदी.”

इथल्या पंचांगात आषाढ आजच लागला. आपल्याकडे अजून चौदा दिवस आहेत, २६ तारखेला. मग मेघदूतातल्या यक्षाला ढग दिसला तो आषाढाचा पहिला दिवस नक्की कुठला? मावशी म्हणाली, “ढग दिसेल तो.”

रविवार, १५ जून

रात्री मावशीला अकरा पानं वाचून दाखवली. पहाटे सरू एकटीच उठते, दिवा लावते, पाचपेडी घालते, असं होतं. मावशीने तिथेच थांबवलं.

“स्वतःची स्वतः?”

“हो.”

“घालून दाखव.”

तिने आजीची फणेरपेटी काढली. त्यात एक जुनं गंगावनही निघालं; तेच लावलं, कारण माझे केस खांद्यावरच संपतात. तीनपेडी हात आपोआप घालतात, मान वळवायची गरज नाही. पाच पेडांत मात्र तिसऱ्या फेऱ्याला कुठला वरून आणि कुठला खालून हेच कळेना. एक सुटला, तो पकडेपर्यंत दुसरा. दंड भरून आले. असतील घालणाऱ्या. पण रोज पहाटे, कामावर जायच्या घाईत?

“पाचपेडीला मागे कुणीतरी बसलेलं लागतं,” मावशी म्हणाली.

अकरा पानांत सरूच्या मागे बसायला कुणी नाही. आईला मी दुसऱ्याच पानावर मारून टाकलंय.

मंगळवार, १७ जून

मेघदूत पुन्हा काढलं, शांता शेळक्यांच्या अनुवादासकट. कालिदासाला वेण्यांचं वेड असावं. उज्जयिनीला पोचण्याआधी ढगाला सिंधू नदी लागते, ती पाणी आटून वेणीएवढी बारीक झालेली. उज्जयिनीत खिडक्यांच्या जाळ्यांतून केसांना दिलेल्या धुपाचा धूर निघतो आणि तो खाऊन ढगाने बाळसं धरायचं. पण खरी वेणी पुढे, अलकेत. यक्षाच्या बायकोने विरहाच्या पहिल्या दिवशी फुलांची माळ काढून एकच वेणी घातली आहे. (मराठीत पंचाईत: वेणी माळायची ती फुलांची, घालायची ती केसांची. म्हणजे वेणीत वेणी नाही.) न सोडल्यामुळे ती कडक, खडबडीत झाली आहे, नुसता हात लागला तरी दुखते. गालावर आली की यक्षाची बायको नखं वाढलेल्या हाताने पुन्हा पुन्हा मागे सारते. शाप संपला की ती सोडायची यक्षानेच.

किती पेडांची, किती लांब, यातलं काही नाही. कधी घातली, कोण सोडणार आणि नखं, एवढ्यावर भागवलंय. नखांशी मी बराच वेळ थांबले. बाटिकवाली मुलगी आठवली.

गुरुवार, २६ जून

आपला आषाढ लागला.

सरूची आई जिवंत केली. दोन प्रसंग नव्याने लिहावे लागले, एक रडण्याचा चांगला साधलेला उतारा गेला. आता पहाटे आई मागे बसते, आगवळ दातांत धरलेलं, त्यामुळे जे काही बोलते ते अर्धवट ऐकू येतं. पेड इतके ओढते की सरूच्या भुवया वर जातात. रागावलेल्या दिवशी पाच, बऱ्या दिवशी तीन. दुपारी कारखान्यात सरू टोकाचं मेण नखाने काढते.

दीड पानाच्या पाच ओळी झाल्या. लांबी, रंग, जाडी कशाचाच उल्लेख ठेवला नाही. वाचणाऱ्यांनी आपापल्या घरची वेणी लावून घ्यावी.