नोटेचा नंबर

नोटा जमवणाऱ्या दोघांचं बोलणं कधी कानावर पडलंय? "एट्टीनाईन कॅपिटल ए आहे का रे?" "आहे, पण कोरी नाही." ऐकणाऱ्याला वाटावं, एसटीच्या सीटबद्दल चाललंय!

हा असतो पिक नंबर. आल्बर्ट पिक नावाचे एक जर्मन गृहस्थ होते, २०१५ मध्ये वारले. जगभरच्या नोटा जमवून त्यांनी त्यांची देशवार यादी केली आणि प्रत्येक नोटेला क्रमांक दिला. १९७० च्या दशकात अमेरिकेतल्या क्राउझ प्रकाशनाने त्याचा जाडजूड कॅटलॉग काढला आणि पिकसाहेबांचे आकडे ही जगभरच्या संग्राहकांची भाषा झाली.

आता गंमत बघा. गांधीजींच्या मालिकेतली दहाची नोट १९९६ ला आली, तिला ८९ मिळाला. पन्नासला ९०, शंभरला ९१. वीसची नोट आली २००१ मध्ये, तोवर मधे जागाच उरली नव्हती. मग तिला केलं ८९ए. यातला ए मोठा हवा हं. छोटा ए लावलात तर ती दहाचीच नोट, फक्त तिचा एक पोटप्रकार. गव्हर्नरची सही बदलली किंवा नंबराच्या मागचं अक्षर बदललं की असे पोटप्रकार होतात. एका अक्षराच्या उंचीवर दहाचे वीस!

इथवर सगळं मजेचं आहे. पण माझ्या अल्बममधल्या दोन नोटांनी मला विचारात पाडलं.

एक आहे गोव्याची, १९५९ ची, ६० एश्कुदूंची. साठ हा विचित्र आकडा कशाला? तर तेव्हा जुन्या एका रुपियाचे सहा एश्कुदू ठरले, म्हणून दहा रुपियांच्या जागी साठ. पिकच्या यादीत 'पोर्तुगीज इंडिया' हा थेट वेगळा देश आहे, स्वतःच्या क्रमांकांसह.

दुसरी हैदराबाद संस्थानची, पाच रुपयांची. उर्दूसोबत तिच्यावर मराठी, तेलुगू आणि कन्नडही आहे. माझं आजोळ मराठवाड्यातलं. आजीच्या ट्रंकेत ही नोट घडी घालून ठेवलेली होती. तिला आजी 'हाली' म्हणायची. तिच्या लहानपणी किराणा याच पैशात यायचा. पिककडे हिचा नंबर 'एस'ने सुरू होतो. एस म्हणजे स्पेशलाइज्ड. संस्थानं, प्रांत, खाजगी बँका यांच्या नोटांचा वेगळा खंड. म्हणजे लिस्बनहून कारभार चालणारा गोवा हा देश, आणि ज्या नोटेवर आजीला तिची भाषा वाचता यायची ती आडबाजूच्या कपाटात.

पिकसाहेबांवर राग नाही. जगाची यादी करायची तर कुठेतरी रेघ मारावीच लागते. पण ती रेघ माणसाने मारलेली असते, हे आकडे वाचताना आपण विसरतो. भारताकडून पाहिलं की रेघ सरकते. रेझवान रझाक आणि किशोर झुनझुनवाला यांच्या २०१२ च्या ग्रंथात टिंबांचे क्रमांक आहेत, आणि तिथे हैदराबाद, गोवा, फ्रेंचांचं पाँडिचेरी सगळे एकाच पुस्तकात शेजारी बसलेत. ओवेन लिन्झमायर यांच्या 'द बँकनोट बुक'चे बी-नंबर आणखी तिसरे. तिकडे क्राउझची मालक कंपनी २०१९ मध्ये दिवाळखोरीत गेली, तरी लोक अजून पिकच्याच आकड्यांत बोलतात. सवय!

हाली नोटेबद्दल मामेभावाने फोनवर पहिला प्रश्न विचारला, "नंबर काय तिचा?" मी सांगितला. मग त्याला विचारलं, "आजीने हीच एक का ठेवली असेल रे?" त्याला माहीत नव्हतं. मलाही नाही. मावशीला विचारलं, तर तिला एवढंच आठवत होतं की आजीला ही नोट तिच्या वडिलांनी दिली होती. कधी, कशासाठी, ते सांगणारं आता कुणी नाही.

असो. मी नोटेच्या पाकिटात एक चिठ्ठी घातली आहे. वर तिन्ही कॅटलॉगांचे नंबर, खाली 'आजीच्या वडिलांनी आजीला दिलेली'. तुमच्या घरी ट्रंकेत, पोथीत अशी एखादी नोट असेल तर नंबर सावकाश शोधा, तो पुस्तकात कुठे जात नाही. ज्यांना तिची गोष्ट ठाऊक आहे, त्यांना मात्र याच आठवड्यात फोन करा.