मधले नाव

सुंदरपेरुमाळ कोयिल येथे मी भाड्याने राहतो आणि रोज गाडीने कुंभकोणमच्या कचेरीत कारकुनी करावयास जातो. पहिल्या महिन्याची पावती लिहिताना घरमालकांनी माझ्या नावाआधी वडिलांच्या नावाचे एक अक्षर टाकले आणि आडनाव सरळ गाळले. इकडची रीतच तशी आहे. ती पावती पाहताना मला एकाएकी आमच्या रशियनच्या बाईंची आठवण झाली.

पुण्यात पदवीसाठी शिकत असता विद्यापीठाच्या रशियन वर्गात मी दोन वर्षे बसलो. पहिल्याच दिवशी बाईंनी फळ्यावर ‘अन्तोन पावलोविच चेखव’ असे लिहिले आणि विचारले, “यातला पावलोविच कोण?” कोणालाच सांगता येईना. “पावेलचा मुलगा. तुमच्या नावात नाही का बाप मध्ये बसलेला?” उच्चारही त्यांनी मराठीतूनच शिकविले : एक ‘च’ चुलीतला, दुसरा चिंचेतला. तिन्ही लिंगे तर ओळखीचीच होती.

रशियन रिवाजाप्रमाणे शिक्षकाला नाव आणि पितृनाम घेऊन हाक मारतात. आपल्याकडे लग्नानंतर स्त्रीच्या नावातला बाप जातो नि नवरा येतो. तिकडे मुलीला बापाचे नाव जन्मभर पुरते. म्हणून वर्गात आम्ही बाईंना त्यांच्या वडिलांच्या नावासह संबोधीत असू. ती हाक ऐकली की त्या क्षणभर थांबत.

१९५८ साली पवईची आय.आय.टी. सोव्हिएत साहाय्याने उभी राहिली, पुढे ओझरला मिग विमाने बनू लागली. त्या काळात रशियन ही पोटाची भाषा होती. बाई नोकरीला लागल्या तेव्हा वर्गात खुर्च्या पुरत नसत. १९९१ साली सोव्हिएत संघ मोडला. आमच्या वेळी आम्ही सातजण होतो. बाई मात्र सातांसाठीही सत्तरांइतकीच तयारी करून येत.

स्पर्धापरीक्षा देऊन मी नोकरीत शिरलो आणि रशियन सुटले. बाईंच्या निवृत्तीच्या समारंभाला मी गेलो नाही. दाखविण्याजोगे माझ्यापाशी काहीच नव्हते.

हे सारे मी मोडक्या तमिळमध्ये घरमालकांना सांगितले. ते तमिळचे निवृत्त शिक्षक. ते म्हणाले, “मॉस्को विद्यापीठात अलेक्झांडर दुब्यान्स्की यांनी अनेक वर्षे तमिळ शिकविले. २०२० साली ते वारले, तेव्हा आम्हांला घरचे माणूस गेल्यासारखे वाटले. त्यांच्या विद्यार्थ्यांपैकी किती जणांचे पोट तमिळवर भरले, हे आम्ही कधी विचारले नाही.” मग किंचित हसून म्हणाले, “आणि परकी भाषा शिकायला कोठून सुरुवात करावी, हे तुम्हांला कोणी शिकविले?”

त्या रात्री मी बाईंना पत्र लिहावयास बसलो. रशियन शब्द आठवेनात. दोन ओळींनंतर मराठीवर यावे लागले. पण मायना चुकला नाही. बाईंच्या वडिलांचे नाव मला अजून पाठ होते.