शेजाऱ्याचा अंगठा

सन २०२५ च्या उन्हाळ्याच्या सुटींत अमेरिकेंतील पेनसिल्व्हेनिया प्रांतीं माझ्या थोरल्या बहिणीकडे मी पांच आठवडे राहून आलों. तेथील पूल, कारखाने व ग्रंथालयें यांचें वर्णन आपणांस इतरत्र वाचावयास मिळेल. मी सांगणार आहें ती हकीकत एका खिशांत मावणाऱ्या वस्तूची आहे. ती निवडण्यांत दोन पोक्त माणसांनीं एक सबंध दिवस घालविला.

ताईच्या शेजारीं सत्तरी उलटलेले एक गृहस्थ राहतात. चाळीस वर्षें त्यांनीं लेथवर काम केलें. शनिवारीं बारा वर्षांच्या नातवास घेऊन चांदमारीच्या मैदानावर जावें व कागदी निशाणावर नेम धरावा, एवढाच त्यांचा षोक. त्यांची रायफल रूगर कंपनीची, १०/२२ या नांवाची. सन १९६४ पासून ती तिकडे विकली जाते. तिच्या मॅगझीनमध्यें ·२२ चीं दहा काडतुसें मावतात. आंत एक फिरतें चक्र असून प्रत्येक काडतुसास त्यांत स्वतंत्र खांच असते. काडतूस अंगठ्यानें दाबलें कीं चक्र थोडें फिरतें व आंतील स्प्रिंग अधिक आवळली जाते. रॉबर्ट हूक याचा नियम आपण पदार्थविज्ञानांत शिकतों: स्प्रिंग जों जों दाबावी किंवा पिळावी, तों तों तिचा विरोध वाढतो. म्हणून पहिलें काडतूस सहज आंत जातें, दहावें मात्र अंगठ्याची परीक्षा पाहतें.

आजोबांच्या अंगठ्याच्या सांध्यांत संधिवात शिरला होता. दोन मॅगझीनें भरून झालीं कीं ते हात कोटाच्या खिशांत घालीत, आणि पुढील काम नातू करी. परंतु नातवाच्या बापाची बदली दूरच्या प्रांतीं झाली होती. ऑगस्ट महिन्यांत तें कुटुंब जाणार होतें. “मग रायफल विकून टाकावी हें बरें,” असें आजोबा एकदां सहज बोलल्यासारखें बोलले. त्यांत सहज कांहींच नव्हतें, हें मला त्यांच्या चेहऱ्यावरून कळलें.

मॅगझीन भरण्याचीं साधनें बाजारांत मिळतात, त्यांतील एखादें आणावें, असें मीं सुचविलें. त्यांस तें रुचलें नाहीं. जन्मभर पोलाद कातणाऱ्या माणसास दहा काडतुसें भरावयास यंत्र लागावें काय, असें ते म्हणाले. तेव्हां मीं त्यांस माझी एक आठवण सांगितली. महाविद्यालयांत असतां राष्ट्रीय छात्रसेनेंत आम्हांस ·३०३ ची रायफल हाताळावयास मिळाली. दोन्ही महायुद्धें पाहिलेली ती रायफल. तिच्या मॅगझीनमध्यें दहा काडतुसें मावत. पांच पांच काडतुसें पत्र्याच्या चार्जरमध्यें ओळीनें बसवून, एका दाबानें तीं आंत ढकलावयाचीं. काडतुसांच्या बुडाशीं कड असे. वरच्या काडतुसाची कड खालच्या कडेच्या पुढें असावी लागे. मागें राहिली तर काडतूस अडकलेंच म्हणून समजावें. तो चार्जर वापरण्याची कोणाही शिपायास लाज वाटली नाहीं. आजोबा क्षणभर थांबले, व टोपी घेऊन उठले.

तेथील कायद्यानें तात्पुरत्या परवानगीवर आलेल्या परकीयास, कांहीं अपवाद सोडल्यास, बंदूक वा काडतूस बाळगतां येत नाहीं. म्हणून मैदानावर मी बाकावर बसून केवळ पाहत असें. दुकानदारानें मात्र परीक्षेकरितां प्लास्टिकचीं खोटीं काडतुसें पुढें ठेवलीं, त्यामुळें मलाही हात लावतां आला.

साधनें तीन प्रकारचीं होतीं. पहिलें म्हणजे अंगठ्यावर बसणारी एक टोपी. ती स्वस्त, व सांध्यास टोंचू देत नसे. पण दाबावयाचें तें अंगठ्यानेंच. दुसरें एक पेटीवजा यंत्र. त्यांत मूठभर काडतुसें ओतावीं व दांडा हलवावा, कीं तीं भराभर उतरत. आजोबांनीं तें उलटें करून आंत पाहिलें. ·२२ च्या शिशाच्या गोळीवर मेणासारखा लेप असतो. तो आंत सांचला तर तें उघडून पुसावयाचें कसें, असें त्यांनीं विचारलें. तें उघडत नव्हतें. शिवाय ह्या काडतुसाची पेट घेणारी दारू त्याच्या कडेंतच भरलेली असते, म्हणून कडेस चेपणारें वा ठोकणारें यंत्र त्यांस नको होतें. तिसऱ्यास एक आंखूड दांडा होता. काडतूस एका वेळीं एकच ठेवावयाचें, आणि दांडा तळहातानें दाबावयाचा. तें सावकाश चाले, पण अंगठ्यास मुळींच काम नव्हतें, व दोन स्क्रू काढतांच सगळें मोकळें होई. त्यांनीं तिसरें घेतलें. तें त्यांच्याच मॅगझीनवर बसतें कीं नाहीं, हें त्यांनीं घरून आणलेलें रिकामें मॅगझीन लावून पाहिलें. कारण एका जातीचें साधन दुसऱ्या जातीस सहसा चालत नाहीं.

पुढल्या शनिवारीं काम झपाट्यानें चाललें. नातू भराभर मॅगझीनें भरी व बार काढी. ह्या रायफलीचा चाप ओढला कीं टरफल बाहेर पडून पुढील काडतूस आपोआप नळीच्या तोंडाशीं येऊन बसतें. थांबण्याचा इशारा होतांच मुलानें मॅगझीन काढून घेतलें, रायफल मेजावर ठेवली व निशाणाकडे धांवण्यास वळला. आजोबांनीं त्याचा खांदा धरला. दुसऱ्या हातानें त्यांनीं बोल्ट मागें ओढला. एक जिवंत काडतूस उडून खडीवर पडलें.

कोणीच कांहीं बोललें नाहीं. आजोबांनीं वांकून तें उचललें आणि मुलाच्या तळहातावर ठेवलें. मॅगझीन काढलें म्हणजे रायफल रिकामी झाली, असें त्या मुलानें धरलें होतें. पूर्वी अंगठ्यानें भरतांना तो प्रत्येक काडतूस मोठ्यानें मोजी, व बारही मोजी. त्यामुळें आंत किती उरलीं हें त्यास ठाऊक असे. हातास सोपें झालें आणि तोंडचा आंकडा थांबला. साधन आणण्याचा सल्ला माझा होता, म्हणून मलाही त्या काडतुसाकडे पाहवेना.

आजोबांनीं साधन फेकून दिलें नाहीं. त्यांनीं दोन नियम घातले: मॅगझीनमध्यें दहांच्या जागीं पांचच काडतुसें भरावयाचीं, तीं मोठ्यानें मोजून, आणि मॅगझीन काढल्यावर बोल्ट ओढून, डोळ्यांनीं पाहून, बोटानें चांचपून मगच रायफल खालीं ठेवावयाची. त्या दिवशीं परततांना मीं त्यांस आपल्या कोल्हापूर जिल्ह्याच्या स्वप्निल कुसाळे यांची गोष्ट सांगितली. सन २०२४ च्या १ ऑगस्ट रोजीं त्यांनीं पॅरिस ऑलिंपिकमध्यें ५० मीटर रायफलींत कांस्यपदक मिळविलें. त्या स्पर्धेंत प्रत्येक बारास एकेकच काडतूस हातानें घालावें लागतें. मुलगा लक्ष देऊन ऐकत होता. घरीं पोंचतांच दोघांनीं साबणानें हात धुतले, कारण शिसें पोटांत जाणें बरें नव्हे.

आपल्या देशांत सन १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणें बंदुकीस परवाना लागतो, आणि आपणांपैकीं बहुतेकांस ती छात्रसेनेच्या मैदानावर, शिक्षकांच्या देखत, तेवढीच हातीं येईल. त्या वेळीं मोठ्यानें मोजण्यास लाजूं नका.

नाताळांत ताईचा फोन आला. नातू दूर गेला, पण आजोबा शनिवारीं मैदानावर जातात. निघण्यापूर्वी ते अंगणांत बसून तळहातानें दांडा दाबतात, आणि कुंपणापलीकडे तिला त्यांचा आवाज ऐकूं येतो: एक, दोन, तीन, चार, पांच.