कान बंद, डोकं चालू!

मला एडीएचडी आहे. म्हणजे माझं लक्ष एकाच वेळी सगळीकडे असतं! कुकरची शिट्टी, लिफ्टचा दरवाजा, कॅफेत शेजारच्या टेबलावरचं भांडण... आणि फ्रीलान्सरचं गणित सोपं असतं, कॉपी गेली नाही तर पैसेही नाहीत. त्यामुळे हेडफोनला चैन म्हणू नका प्लीज.

आता 'नॉइज कॅन्सलिंग'. हे तंत्र बाहेरच्या आवाजाची उलटी लहर सोडून तो खोडतं. एसी, विमानाचं इंजिन अशी एकसुरी घरघर ते मस्त गिळतं. (अमर बोस यांना ही कल्पना १९७८ साली विमानातच सुचली होती.) माणसांची बडबड मात्र थोडी झिरपतेच, आणि माझं लक्ष पळवते नेमकी तीच. मग मी हळू आवाजात पावसाचा आवाज लावते. शब्द असलेली गाणी अजिबात नाहीत, लगेच गुणगुणायला लागते!

दुसरा मुद्दा चष्म्याचा. पकड घट्ट असली की काडी कानामागे रुतते. म्हणून दुकानात २० मिनिटं हेडफोन घालून बसले, सेल्समन वैतागला तरी. लोकलच्या घामात मोठे हेडफोन नकोसेच होतात. तिथे छोटे इअरबड्स, तेही बाहेरचा आवाज आत सोडणारा मोड असलेले. 'पुढील स्टेशन' ऐकू यायला हवं ना! प्लॅटफॉर्मवर तर दोन्ही कान मोकळे.