मोकळे मैदान आणि चार भिंती

नाताळच्या दिवशी आमच्या तिरोड्याच्या घरी दोन गोष्टी ठरलेल्या असत. मिस्साहून परतल्यावर सर्वांनी एका पंगतीत जेवायचे आणि जेवण आटोपल्यावर बाबा व काका यांनी फुटबॉलवरून वाद घालायचा. पहिल्या गोष्टीत आईचा हात दिसे, दुसरीत कोणाचाच इलाज चालत नसे.

बाबा रेल्वेत नोकरीला होते. मुंबई–हावडा लोहमार्गावरचे आमचे हे स्थानक लहान. गाव धानाचे आणि राईस मिलचे. धान कापून झाले की बांध्या रिकाम्या होत. मधला एखादा धुरा फोडून मैदान थोडे लांब करून घ्यायचे आणि अनवाणी खेळायचे, हे बाबांचे फुटबॉल. धसकटे पायात रुतत, चेंडू कुठेही उसळे. पण वर आभाळ होते आणि पळायला हवी तेवढी जागा होती. काका मात्र तरुणपणीच मुंबईस नोकरीला गेले. तेथील कॅथलिक वस्त्यांत, शाळांच्या आणि जिमखान्यांच्या सिमेंटच्या पटांगणांवर, मोजक्या गड्यांचा जो आखूड व वेगवान खेळ चाले त्याला ‘रिंक फुटबॉल’ म्हणत. काका त्यात रमले.

जुन्या खेळाडूंच्या आठवणी निघाल्या की दोघे भाऊ एक होत. रेल्वेच्या पासवर मुंबईस जाऊन बाबांनी कूपरेजवर रोव्हर्स चषकाचा एक सामना पाहिला होता. 1891 साली सुरू झालेली ती स्पर्धा. 1950 ते 1954 अशी सलग पाच वर्षे ती हैदराबाद पोलीस संघाने जिंकली, हे बाबा जपमाळेतील रहस्यांच्या क्रमाने सांगत. त्या संघाला घडविणारे रहीमसाहेब पुढे भारताचे प्रशिक्षक झाले. मग नेव्हिल डिसोझांचे नाव निघे. गोव्यात जन्मलेला, मुंबईत खेळलेला हा आपला माणूस. 1956 च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये त्याने ऑस्ट्रेलियाविरुद्ध एकट्याने तीन गोल केले, भारत 4-2 असा जिंकला आणि स्पर्धेत चौथा आला. ऑलिंपिकमध्ये गोलांची अशी तिकडी साधणारा तो पहिला आशियाई खेळाडू. हे नाव घेताना दोघांचाही आवाज हळू होई.

वाद सुरू होई तो त्यानंतर. “मैदानाशिवाय नेव्हिल घडला असता काय?” असे बाबांनी विचारावे आणि “दादा, पाय घडतो तो अडचणीच्या जागेत,” असे काकांनी म्हणावे. आम्ही मुले हसत असू. तो वाद घरचाच होता, सणाच्या गोडधोडासारखा.

1994 च्या नाताळात मात्र तसे राहिले नाही. त्या वर्षी विश्वचषक अमेरिकेत झाला होता. काकांचा मोठा मुलगा तेव्हा मिशिगन राज्यात नोकरीला होता. त्याने लिहिलेले लांबलचक पत्र काकांनी सोबत आणले होते आणि ते मोठ्याने वाचून दाखविले. डेट्रॉइटजवळच्या पाँटियाक गावी, छप्पर घातलेल्या सिल्व्हरडोम या प्रचंड क्रीडागृहात, 18 जूनला अमेरिका व स्वित्झर्लंड यांचा सामना 1-1 असा बरोबरीत सुटला. विश्वचषकाचा सामना छपराखाली होण्याची ती पहिलीच वेळ. खरे गवत हवे म्हणून तेथील विद्यापीठातील तज्ज्ञांनी ते बाहेर षट्कोनी तबकांत वाढविले आणि आत आणून जोडले.

पुढे त्याने अमेरिकेच्या बंदिस्त फुटबॉलविषयी लिहिले होते. पेलेसारखा खेळाडू 1975 साली न्यूयॉर्कच्या कॉसमॉस संघात गेला. त्याच संघाबरोबर तो सप्टेंबर 1977 मध्ये कलकत्त्याला मोहन बागानविरुद्ध खेळला, हे आपल्याकडे सर्वांना ठाऊक आहे. पण ज्या मोठ्या लीगमध्ये कॉसमॉस खेळे, ती 1984 नंतर बंद पडली. दरम्यान 1978 साली छपराखालची दुसरी लीग निघाली होती. बर्फावरच्या हॉकीच्या रिंगणावर कृत्रिम गवत अंथरायचे, एका बाजूला सहाच खेळाडू घ्यायचे आणि कडेच्या फळ्यांवर आपटून परत येणारा चेंडू चालू धरायचा, असा तो खेळ. पहिली चारही अजिंक्यपदे न्यूयॉर्क ॲरोज संघाने पटकाविली आणि त्या संघाचा स्टीव्ह झुंगुल हा या खेळाचा राजा गणला गेला. तीही लीग 1992 मध्ये बंद झाली. तरी त्या खेळाडूंच्या आठवणी काढत बसणारी माणसे तेथे भेटतात, आणि मैदानाचा खेळ मोठा की भिंतीतला, यावर तीही तुमच्यासारखीच भांडतात, असे पुतण्याने शेवटी गमतीने लिहिले होते.

काकांचा चेहरा फुलला होता. बाबा शांतपणे म्हणाले, “भिंतीवर आपटून परत येणाऱ्या चेंडूला कौशल्य लागत नाही. तो कोंडवाड्यातला खेळ. खऱ्या मैदानावर ज्यांचे जमले नाही, त्यांनी तो खेळावा.”

काकांचा उजवा गुडघा सिमेंटवर पडूनच कायमचा अधू झाला होता. त्या गुडघ्यापायी त्यांचे मैदानावरचे खेळणे सुटले, हे बाबांना ठाऊक होते. काका काही बोलले नाहीत. पत्राची घडी करून त्यांनी ते खिशात ठेवले. पुढची दोन वर्षे ते नाताळला आले नाहीत. मुंबईहून शुभेच्छापत्र येई, तेही आईच्या नावे.

क्षमेवरील प्रवचने आपण दर वर्षी ऐकतो. पण ‘चुकलो’ हा शब्द थोरल्या भावाच्या ओठांवर येणे किती कठीण असते, ते मी त्या दोन वर्षांत पाहिले. 1997 साली एके दिवशी बाबांनी पिशवीत कपडे भरले आणि कोणालाही न सांगता मुंबई गाठली. परतल्यावर त्यांनी जे सांगितले ते एवढेच : काका त्यांना संध्याकाळी एका पटांगणावर घेऊन गेले. तीन बाजूंना इमारती, वर वाळत घातलेले कपडे आणि त्या चिंचोळ्या जागेत वीस-पंचवीस मुले आळीपाळीने खेळत होती. एवढ्या गर्दीत चेंडू कोणाच्या पायाला चिकटला की सुटत नव्हता. “मी म्हणत होतो, ह्यांना मैदान नको असते,” बाबा म्हणाले. “ह्यांना ते मिळालेलेच नव्हते रे.” त्या वर्षी काका नाताळला आले. वाद झाला, पण ‘कोंडवाडा’ हा शब्द पुन्हा कोणी उच्चारला नाही.

बाबा जाऊनही आता बरीच वर्षे झाली. हे सारे आठवण्यास कारण घडले ते आमच्या धर्मग्रामाच्या पटांगणाचे. जाळी आणि दिवे लावलेली, हिरव्या कृत्रिम गवताची छोटी मैदाने आता जागोजाग झाली आहेत. मुले त्याला ‘टर्फ’ म्हणतात आणि तासाचे भाडे भरून खेळतात. चर्चमागच्या मातीच्या पटांगणावरही तसेच टर्फ करावे, त्यातून दुरुस्तीचा खर्च निघेल, असा प्रस्ताव परिषदेपुढे आला. तरुणांना तो हवा होता, वडीलधाऱ्यांना मुळीच नको होता. सभेत अगदी आमच्या घरच्या नाताळसारखी दोन टोके झाली. “आमच्या वेळी,” या शब्दांनी सुरू होणारी भाषणे मी मोजली, ती सात होती.

मी उभा राहिलो आणि ब्युनोस आयर्समधील एक हकीकत सांगितली. आल्माग्रो वस्तीत मुले रस्त्यावर फुटबॉल खेळत आणि ट्रामखाली येण्याचे भय असे. फादर लोरेंसो मास्सा या सलेशियन धर्मगुरूंनी त्यांना चर्चचे अंगण खुले करून दिले. अट एकच, रविवारी मिस्साला यायचे. 1908 साली त्यातून सान लोरेंसो हा संघ उभा राहिला. पुढे पोप झालेला एक मुलगा त्याच संघावर जन्मभर प्रेम करीत राहिला. 2025 साली निवर्तलेले ते आपले पोप फ्रान्सिस. त्या अंगणात गवत होते की माती, याची आज कोणी विचारपूस करीत नाही. फादरांनी भाडे मागितले नाही, हे मात्र त्या कथेचे मर्म आहे.

“टर्फ व्हावे की न व्हावे, हा माझ्या दृष्टीने दुसरा प्रश्न आहे,” मी म्हणालो. “पहिला प्रश्न असा, की ज्याच्याजवळ भाड्याचे पैसे नाहीत तो मुलगा जाळीच्या आत असेल की बाहेर?”

बरीच चर्चा झाली. अखेर असे ठरले, की अर्ध्या जागेत टर्फ करावे, अर्धी माती तशीच ठेवावी आणि टर्फवरही रोज संध्याकाळचे दोन तास कोणाकडून काही घेऊ नये. मूल मग कोणत्याही धर्माचे असो. खर्चाची तोंडमिळवणी व्हायला त्यामुळे दुप्पट काळ लागेल. फादरांनी ते मान्य केले. दोन वडीलधारे सभेतून उठून गेले. त्यांच्या घरी मला अजून जायचे आहे. बाबांनी दोन वर्षे लावली, तेवढी मी लावू नयेत.

काका आता ऐंशीच्या पुढे आहेत. गेल्या नाताळला मी त्यांना पटांगणावर घेऊन गेलो. काठी टेकून ते बराच वेळ पाहत राहिले. एका बाजूस दिव्यांखाली मुले खेळत होती, दुसरीकडे मातीत त्यांच्याहून लहान, अनवाणी. एवढ्यात मातीवरचा चेंडू उसळून टर्फच्या जाळीवर आपटला आणि परत आला. तो पोरांनी तसाच चालू धरला.

काका हसले. “दादा असता तर शिट्टी वाजवली असती,” ते म्हणाले.

“आणि तुम्ही, काका?”

“मी? मी त्याच्याशी भांडलो असतो.” आणि डोळे पुसण्यासाठी त्यांनी चष्मा काढला.